उलटतं कुठे

‘उलटतं कुठे, तेवढं बघून ठेवा,’ असं म्हणून साहेबांनी अहवाल माझ्या टेबलावर ठेवला आणि ते पुढे गेले. यात विशेष काहीच नव्हतं. गेली अकरा वर्षं प्रत्येक अहवाल समितीपुढे जाण्याआधी ते हे वाक्य म्हणतात, याच चालीत, याच घाईत, आणि मी मान हलवते. त्या सकाळी मात्र चहाच्या कपाकडे गेलेला माझा हात मध्येच थांबला आणि बराच वेळ तिथेच राहिला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, मुंगी पडली का चहात? मी हो म्हणाले. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, पण खरं तरी काय सांगणार होते? बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. कामावर परत येऊन आठ. या आठ दिवसांत लोकांनी माझ्याशी हळू आवाजात बोलायचं, मग नेहमीच्या आवाजात बोलायचं, मग कामाची घाई करायची, असा सगळा क्रम नीट पार पाडला होता आणि मीही माझ्या बाजूनं तो पाडला होता. कुणाच्या सांत्वनानं मला काही झालं नव्हतं. झालं ते या वाक्यानं.

आमच्या कक्षाचं काम बाहेरच्याला सांगायला गेलं तर फार शहाणपणाचं वाटतं. सरकारला काही बांधायचं असलं, हलवायचं असलं, पाडायचं असलं, की एकच गोष्ट पुढे करून चालत नाही. निदान तीन पर्याय मांडावे लागतात. मग निकष ठरवायचे, प्रत्येक निकषाला शंभरातलं वजन द्यायचं, प्रत्येक पर्यायाला प्रत्येक निकषावर गुण द्यायचे, गुणाकार, बेरीज, आणि ज्याची बेरीज जास्त तो पसंतीचा पर्याय. कागदावर तो शेवटच्या पानावर येतो. खरं तर तो सगळ्यात आधी येतो, वरच्या मजल्यावरून, बहुधा तोंडी. आम्ही त्याच्या शेजारी उभे करायला दोन पर्याय शोधतो, उभे केल्यासारखे दिसतील आणि धक्का लागला की पडतील असे. त्यांना कक्षात बुजगावणी म्हणतात. ‘बुजगावणं तयार आहे का?’ असं आम्ही एकमेकांना अगदी सहज विचारतो. आणि सगळं जुळलं, पसंतीचा पर्याय पहिला आला, की शेवटी ती चाचणी: एखाद्या निकषाचं वजन दोन-दोननं वाढवत जायचं आणि बघायचं, कितीवर गेल्यावर पहिला दुसरा होतो. तो आकडा अहवालात लिहायचा नसतो. समितीत कुणी अडवलं तर आपण गाफील नसावं, म्हणून तो माहीत असायचा असतो. साहेब हुशार माणूस. त्यांना सगळे अधोरेखित म्हणतात, कारण ते लाल पेन्सिलीनं पट्टी धरून ओळी अधोरेखित करतात, आणि ज्या ओळीखाली रेघ नाही ती त्यांच्या लेखी लिहिलेलीच नसते.

त्या दिवशीचा अहवाल नदीकाठच्या वस्तीचा होता. एकसष्ट घरं. पाणी दर दोन-तीन वर्षांनी उंबऱ्याला लागायचं, एकदा आत शिरलं होतं. पर्याय एक, आहे तसंच ठेवणं. पर्याय दोन, काठाची भिंत दीड मीटर उंच करणं. पर्याय तीन, वस्ती उचलून शहराच्या पलीकडच्या टोकाला नव्या इमारतींमध्ये नेणं. तीन पहिला येणार हे आम्हाला उन्हाळ्यापासून माहीत होतं, कारण काठानं रस्ता न्यायचं वर ठरलेलं होतं, आणि रस्त्याला जागा लागते. रस्ता तक्त्यात कुठेच नव्हता. तक्त्यात सुरक्षितता होती, आरोग्य होतं, खर्च होता, देखभाल होती, आणि रहिवाशांची इच्छा होती. इच्छेला दहा. मी ते दहा वाढवायला सुरुवात केली. बारा, चौदा, सोळा. अठरावर भिंत वर आली. वस्ती तिथेच राहिली. मी परत दहा केलं आणि वस्ती पुन्हा हलली. असं दोनदा करून बघितलं. पडद्यावर दोन रकाने जागा बदलतात, एवढंच होतं, आवाजसुद्धा होत नाही.

बाबांच्या तक्त्यात ते बावीसला झालं होतं.

हे आता लिहून टाकलं आहे, तर नीट लिहायला हवं. बाबा याच खात्यात ड्राफ्ट्समन होते, चौतीस वर्षं. त्यांची खासियत म्हणजे हरणाऱ्या पर्यायांचे नकाशे. जिंकणाऱ्याचं काम मुख्य ड्राफ्ट्समनकडे जायचं, कारण ते पुढे बांधलं जाणार असे. मापं चुकली तर कुणाची तरी मान जायची. उरलेले बाबांकडे. न झालेले पूल, न झालेले बसथांबे, न झालेली एक सुंदर शाळा, जिच्या जिन्यावर त्यांनी मुलं काढली होती, मुंगीएवढी, पण प्रत्येकाच्या पाठीला दप्तर. शहरात त्यांच्या हातचं काही म्हणजे काही उभं नाही. लहानपणी मी विचारायची, बाबा, यातलं तुम्ही कुठलं केलं? ते म्हणायचे, तो मोकळा तुकडा दिसतोय ना, तिथे माझं वाचनालय आहे. मी हसायची. ते हसायचे नाहीत, पण त्यांना वाईट वाटतंय असंही कधी दिसलं नाही. एकदा त्यांना वरून सूचना आली की हरणाऱ्याच्या नकाशात झाडं काढू नका, समितीच्या लोकांना तेच आवडायला लागतं. हा किस्सा ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. आई गेल्यावर तर इतक्या वेळा सांगत, की मी आणि माझा धाकटा भाऊ शेवटचं वाक्य त्यांच्याबरोबर म्हणायचो. आणि त्यांची मुलगी शिकून सवरून त्याच खात्यात लागली, त्यांच्यापेक्षा दोन पायऱ्या वर, तीही जिंकणाऱ्या बाजूला. त्यांना याचा अभिमान होता. निदान ते तसं म्हणाले होते.

ते पडले तेव्हा ब्याऐंशीचे होते. न्हाणीघरात, दाराला टेकून, तीन तास. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हाड मोडलं नव्हतं. दुसऱ्यांदा पडले तेव्हा मनगट मोडलं. मी रोज कामावरून त्यांच्याकडे जायची, भाजी, औषधं, आंघोळीचं पाणी, त्यांच्या टीव्हीशी त्यांचं भांडण, आणि मग तिथून माझ्या घरी. हे चौदा महिने. कुणी मला जा म्हणालं नव्हतं. नवरा काही बोलला नाही, पण त्याचं काही न बोलणं लग्नाच्या तेविसाव्या वर्षी मला पुरेसं वाचता येतं. एका संध्याकाळी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मी थांबले आणि मला स्पष्ट वाटलं की आता वर जाऊच नये. दार उघडलं तर ते म्हणतील आज उशीर झाला. त्या वाक्यात तक्रार नसे. पण मला ते ऐकायचं नव्हतं. मी पायरीवर बसले. वरच्या घरातून त्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता आणि मी बसून राहिले, दहा मिनिटं असेल, वीस असतील. मग उठून वर गेले. ते म्हणाले, आज उशीर झाला. त्याच आठवड्यात मी तक्ता केला.

भावाला दुसऱ्या शहरातून पाठवता यावा, दोघांनी मिळून ठरवल्यासारखं व्हावं, म्हणून केला असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. चार पर्याय. बाबांच्याच घरी, दिवसभराची बाई ठेवून. माझ्या घरी. भावाच्या घरी. आणि निवासी शुश्रूषा केंद्र, माझ्या ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर, स्वच्छ, मागे बाग, दारात चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार. सुरक्षितता तीस, वैद्यकीय मदत पंचवीस, भेटीची सोय वीस, खर्च पंधरा, बाबांची इच्छा दहा. माझ्या घराला जागेवरून कमी गुण दिले. आमच्याकडची एक खोली कपाटांनी भरलेली आहे; कपाटं हलवली असती तर जागा झाली असती, पण मी गुण देताना कपाटं आहेत तिथेच आहेत असं धरलं. भावाच्या घराला सगळ्यात कमी, कारण तिथे त्याची बायको नोकरीला, मुलं लहान, हवा दमट. बाबांच्या घराला सुरक्षिततेत एक. दहातला एक. रात्री बाई नसणार असं मी धरलं होतं. ती ठेवता येते का, हे मी विचारलंच नव्हतं. केंद्र पहिलं आलं. मग सवयीनं, खरंच केवळ सवयीनं, भाजी चिरून झाल्यावर ओटा पुसावा तसं, मी इच्छेचं वजन वाढवत गेले. बावीसला बाबांचं घर वर आलं. मी खुर्चीत मागे टेकले. बावीस म्हणजे काही फार नाही. एखाद्या माणसाच्या स्वतःच्या मरणाच्या जागेबद्दल त्याच्या इच्छेला शंभरात बावीस. कुणालाही विचारलं असतं तर त्यानं तीस म्हटलं असतं, पन्नास म्हटलं असतं. मी परत दहा केलं आणि तक्ता भावाला पाठवला. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ताई, तू सगळा विचार केला आहेस, मला मान्य आहे.

तक्त्यात एक ओळ नव्हती. मी थकले आहे, ही. ती कुठल्या निकषात बसवायची असते ते मला अजून माहीत नाही.

बाबांना मी तो छापून दाखवला. का दाखवला? प्रामाणिकपणा म्हणून, असं वाटलं होतं. त्यांनी कागद दिव्याखाली धरला, चष्मा कपाळावर ढकलला, आणि जुन्या सवयीनं आधी समास बघितला, रेघा सरळ आहेत का ते बघितलं, मग आकडे. बोट पहिल्या ओळीवर थांबलं, जिथे त्यांचं घर होतं. मग ते म्हणाले, ‘माझं घर तू फार वाईट काढलंस गं. बुजगावणंसुद्धा जरा जीव लावून काढावं लागतं, नाहीतर समितीला संशय येतो.’ मी हसायचा प्रयत्न केला. त्यांचं बोट खाली सरकलं. निवासी शुश्रूषा केंद्र यावर बोट ठेवून म्हणाले, वृद्धाश्रम लिही की, तेवढीच शाई वाचेल. आणि मग पेन मागितलं. मी म्हटलं सही नको आहे बाबा, ही काय फाइल आहे का. पण त्यांनी केली. कोपऱ्यात, बारीक, तारीख घालून, मनगट अजून नीट वळत नव्हतं तरी सरळ. मान्य. चौतीस वर्षांत त्यांना मान्य लिहायचा अधिकार कधी मिळाला नव्हता, ते काम वरच्यांचं असे.

तिथे ते सात आठवडे होते. त्यांना काही कमी पडलं असं मला म्हणता येणार नाही, आणि म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. तिथल्या मुख्य परिचारिकेला ते आवडायचे, कारण ते अंथरुणाच्या चादरीची घडी काटकोनात घालत. पाचव्या आठवड्यात मी गेले तेव्हा ते खिडकीजवळ बसले होते. बाहेर बाग होती. बाग बरी आहे ना, असं मी विचारलं. ते म्हणाले, झाडं फार जवळ जवळ लावलीत. मग थोड्या वेळानं, बागेकडेच बघत, म्हणाले, ‘जमत नाही म्हणाली असतीस तर मी त्याच दिवशी बॅग भरली असती. तक्ता कशाला केलास?’ आवाजात राग नव्हता. कुतूहल होतं, एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं. मी काहीतरी बोलले. भावालाही विचारात घ्यायचं होतं, असलं काहीतरी. ते हं म्हणाले. त्या हंनंतर दोन आठवड्यांनी ते गेले, झोपेत, घरी असते तरी तसेच गेले असते असं डॉक्टर म्हणाले. ते कदाचित खरं आहे. मला त्याचा काही उपयोग नाही.

लोक भेटायला आले तेव्हा भाऊ प्रत्येकाला सांगत होता, शेवटी ताईनंच सगळं केलं, अगदी कागदावर मांडून, भावनेच्या भरात नाही. तो मनापासून सांगत होता. मी शेजारी बसून ऐकत होते, आणि प्रत्येक वेळी मला वाटे, आत्ता सांगावं. बावीस. मग पुढचा पाहुणा यायचा. तेवीस दिवस मी तो आकडा तोंडात धरून होते. भाऊ बाबांचं घर रिकामं करायला आदल्या दिवशीच आला होता आणि मला संध्याकाळी तिकडे जायचं होतं. आज सांगायचं, असं मी सकाळी उठतानाच ठरवलं होतं. काल आणि परवाही ठरवलं होतं. आणि अशा दिवशी साहेब म्हणाले होते, उलटतं कुठे.

मी त्यांच्या खोलीत जाऊन अठरा सांगितलं. त्यांनी पेन्सिल कानामागून काढली, कागदाच्या तुकड्यावर आकडा लिहिला, खाली रेघ मारली नाही, आणि तुकडा खणात टाकला. म्हणाले, अठरा म्हणजे काठावरच आहे, पण चालेल. त्या वस्तीचा कुणीतरी येणार आहे म्हणे, त्याला काय कळतंय. मी म्हटलं, त्यांच्या इच्छेला दहाच का, असं विचारलं तर? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग आवाज मऊ केला, तो हळू बोलण्याचा टप्पा संपला होता तरी. हवं तर आज तुम्ही नका बसू, मी मांडतो, असं म्हणाले. मी नाही म्हटलं.

समितीची खोली लांबट आहे, टेबलही लांबट, आणि एका टोकाला बसलेल्याला दुसऱ्या टोकाचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून सगळे आधीच पाठ असलेलंच बोलतात. अध्यक्षीणबाई टोकाला. वस्तीतून आलेला माणूस दुसऱ्या टोकाला, निवृत्त बसड्रायव्हर, साठीच्या पुढचा, इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यावर दोन्ही हात, सीट मिळाली आहे तर नीट बसावं तसा बसलेला. मी मांडणी केली. पर्याय, निकष, वजनं, बेरजा. माझा आवाज चांगला लागतो अशा वेळी. सदस्यांनी खर्चाचं विचारलं, मुदतीचं विचारलं. मग अध्यक्षीणबाईंनी शिष्टाचार म्हणून टेबलाच्या त्या टोकाला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का? ड्रायव्हर उभा राहिला. बसूनच बोला असं त्याला सांगावं लागलं. त्यानं भाषण केलं नाही. आपण छत्तीस वर्षं बस चालवली, आणि त्या नव्या जागी बस जात नाही, एवढं म्हणाला. मग त्यानं अहवालाचं पान उघडून त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं,

‘बाई, आमच्या म्हणण्याला शंभरात दहा मार्क दिलेत. किती दिले असते तर आम्ही तिथेच राहिलो असतो?’

साहेब मला वाचवायला बोलायला लागले होते, की असं एकेका निकषाकडे सुटं बघता येत नाही. मी त्यांना बोलू दिलं नाही. ‘अठरा,’ मी म्हणाले.

खोलीत काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. हे कबूल करायला हवं. निदान खुर्च्या तरी वाजतील. ड्रायव्हरनं खिशातून पेन काढलं आणि पानाच्या कडेला अठरा लिहिलं, त्यातून दहा वजा केले. ‘आठ मार्कांनी गेलो,’ तो म्हणाला. ‘एवढ्यानं पोरगं नापास झालं असतं तर मास्तरांना भेटायला गेलो असतो.’ दोन-तीन सदस्य हसले, तोही थोडा हसला. अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाल्या, हे फार चांगलं झालं. रहिवाशांच्या इच्छेचा तुम्ही इतका बारकाईनं विचार केला आहे, वजन वाढवूनही तपासलं आहे, हे अहवालात यायलाच हवं. परिशिष्ट जोडा. म्हणजे पुढे कुणी बोट दाखवायला नको. मग त्यांनी सदस्यांकडे बघितलं. पर्याय तीन. सर्वानुमते. टिपणीत एक ओळ माझ्या वडिलांबद्दलच्या दुखवट्याची, कारण साहेबांनी मधल्या वेळात त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं होतं. मी आभार मानले. बाहेर आल्यावर साहेब माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आले. म्हणाले, बरं झालं तुम्हीच बोललात, मी घाबरलो होतो, पण अहवाल उलट भक्कम झाला. ड्रायव्हर आमच्यासमोरून खाली उतरला. त्यानं मला नमस्कार केला नाही, आणि वाईटही काही म्हणाला नाही. कठड्याला धरून, एकेक पायरी बघत उतरला, आणि दारात थांबून बसचं वेळापत्रक वाचायला लागला.

बाबांच्या घरापर्यंत मी चालत गेले. वाटेत तो मोकळा तुकडा लागतो, वाचनालयाचा. तिथे आता वाहनं लावतात. मी चालता चालता वाक्य तयार करत होते. तुला एक सांगायचंय. नाही. तो तक्ता आठवतो? नाही. बाबा घरी राहू शकले असते. हेच. ऑफिसात आकडा बोलून काही झालं नाही, तो त्यांनी गिळला आणि वर पाणी प्यायलं. पण इथे तसं होणार नाही असं मला वाटत होतं. इथे निदान एक माणूस होता ज्याला तो लागेल. तो चिडेल. कदाचित पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. ताईनंच सगळं केलं हे वाक्य तो परत म्हणणार नाही, आणि ते मला हवं होतं, भूक लागावी तसं हवं होतं. मी तिन्ही मजले न थांबता चढले.

भावानं बरंचसं उरकलं होतं. पुस्तकांची खोकी दाराशी, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि मधल्या खोलीत फक्त बाबांची लोखंडी कॉट, गादी काढलेली, तिचे स्प्रिंग उघडे. त्याच्या केसांत जळमटं लागली होती. एवढे नकाशे, ताई, तो म्हणाला, कोण घेणार हे? रद्दीवालासुद्धा म्हणतो, हा कागद चालत नाही. नाकावरचा घाम पुसताना तो अगदी बाबांसारखा दिसला. मी पर्स खांद्यावरून काढली नाही. काढली असती तर पुन्हा चहा, पुन्हा खोकी, पुन्हा उद्या.

‘बाबांच्या इच्छेला मी दहा दिले होते,’ मी म्हणाले. ‘बावीस दिले असते तर ते इथेच राहिले असते. मला माहीत होतं. मी तेव्हाच बघितलं होतं.’

दोरीचा गुंडा त्याच्या हातात होता, तो त्यानं कॉटवर ठेवला, आणि स्प्रिंगमधून तो खाली पडला. मग म्हणाला, ‘एकवीस.’

मला कळलं नाही.

‘एकवीसला उलटतं. तू दोन-दोननं गेली असशील.’ तो माझ्याकडे बघत नव्हता. तो विम्याच्या कचेरीत आहे, दिवसभर असलेच तक्ते बघतो, हे मी कशी विसरले होते कोण जाणे. तू पाठवलेली फाइल उघडीच होती, तो सांगत गेला, आकडे बदलता येत होते. मी एकेक वाढवत बघितलं. अकरा, बारा, तेरा. घरात सगळे झोपले होते. एकवीसला बाबा घरी आले. तसंच ठेवून मी थोडा वेळ बसलो. मग परत दहा केलं, आणि सकाळी तुला मान्य म्हणून कळवलं.

खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, नळीतून पाणी वर चढल्याचा आवाज भिंतीतून आला.

‘खरं सांगू का,’ तो म्हणाला, ‘तू माझं घर चौथं लावलं होतंस. ते बघून मला इतकं हलकं वाटलं ना, की बाकीचं मी नीट वाचलंच नाही. आकडे नंतर बघितले. आधी तेवढंच बघितलं.’

मला रागवायचं होतं. मी तो राग शोधलाही, खांद्यावर पर्स, हातात काही नाही, पण त्याला चौथं कुणी लावलं होतं? दमट हवा कुणी लिहिली होती? बाबांनी त्याच्याकडे जायचं का, हे मी त्याला विचारलं नव्हतं, आणि बाबांनाही नाही. तेवीस दिवस मी एकटी होते आणि मला ते एकटेपण जड वाटत होतं. आता कळत होतं की ते होतं तोवर निदान माझं होतं. एकट्यानं केलेल्या गोष्टीला करणारा तरी असतो. दोघांनी मिळून केली, एकमेकांना न सांगता, अगदी योग्य रीतीनं, तर तिला निर्णय म्हणतात, आणि मग तिच्यासाठी कुणाकडे जायचं? मला वाटलं तो रडेल, म्हणजे मलाही रडता येईल. तो रडला नाही. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि विचारलं, ‘त्यांना माहीत होतं का गं?’

मी बाबांचं बोट आठवलं, पहिल्या ओळीवर थांबलेलं. ‘नाही,’ मी म्हणाले. ‘त्यांनी फक्त रेघा बघितल्या.’

त्यानं मान हलवली. त्यानं विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, ते मी विचारलं नाही. खाली टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला, तो मघापासून थांबलेला असणार. भावानं वाकून दोरी उचलली, कॉटच्या पायांकडच्या बाजूला गेला, दोन्ही हात खाली घातले आणि लोखंड पेलून बघितलं. मी अजून दारातच होते. त्यानं ते टोक वीतभर उचललं आणि तसंच धरून, डोक्याकडची बाजू मी कधी उचलते याची वाट बघत उभा राहिला.